वाई ते धोम पायी, वाटेत मेणवलीचा वाडा: निघण्याआधीची तयारी

सगळ्यात आधी कॅलेंडर उघडा. वाईहून मेणवली, तिथून भोगाव आणि पुढे धोम ही वाट चालायची तर दिवाळी सरल्यापासून महाशिवरात्रीपर्यंतचे दिवस उत्तम. पावसाळ्यात डोंगर हिरवेगार होतात हे खरं, पण घाटाच्या पायऱ्या शेवाळतात, कृष्णेचं पाणी चढतं आणि मेणवलीच्या घाटावर निवांत बसता येत नाही. या वाटेवर मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते तिथलं बसणंच.

अंतर फार नाही. वाई ते मेणवली साधारण तीन किलोमीटर आणि धोमपर्यंत एकूण आठेक. सवय नसलेला माणूसही रमतगमत चालेल. गाडीनं येणारे मेणवलीत नाना फडणवीसांच्या वाड्याच्या दारात उतरतात, चौक बघतात, फोटो काढतात आणि पाचगणीच्या ओढीनं परत फिरतात. पायी येणाऱ्याला वाड्याआधी त्याचा मुलूख भेटतो: नदी, उसाची रानं, उत्तरेला पांडवगड, दक्षिणेला पसरणीचा घाट. म्हणून सगळी तयारी या हिशेबानं करा की मेणवलीत पोचताना पायांत बळ असेल आणि पुढचे दोन-तीन तास कुठलीही घाई नसेल.

मुक्कामाला वाईत आदल्या रात्रीच पोचलात तर फार बरं. पुण्याहून किंवा साताऱ्याहून एसटीनं यायचं असेल तर ओळखपत्र जवळ ठेवा. महिलांना अर्ध्या तिकिटात आणि ७५ वर्षांवरच्यांना मोफत प्रवास आहे, पण वयाच्या सवलतीसाठी कंडक्टर आधार कार्ड मागतो. सकाळी उजाडताच गणपती घाटावर जा. ढोल्या गणपतीचं दर्शन तर घ्याच, पण नंतर देवळाला वळसा घालून मागची भिंत बघा. १७६२ मध्ये गणपतराव भिकाजी रास्ते यांनी हे देऊळ बांधवलं, तेव्हा पुराचं पाणी दुभंगून दोन्ही अंगांनी निघून जावं म्हणून मागची बाजू माशाच्या आकाराची केली. नदीशी असं जमवून घेणारं बांधकाम डोळ्यांत साठवून निघालात की मेणवलीचा घाट जास्त चांगला समजतो.

सॅक हलकी असू द्या. माणशी दोन लिटर पाणी, टोपी किंवा उपरणं, एक पंचा, सुट्टे पैसे. शर्ट पूर्ण बाह्यांचा हवा, कारण उसाच्या फडाच्या कडेनं जाताना पाला हाताला घासतो, त्याच्या कडेला बारीक करवतीसारखी धार असते आणि घामावर ते ओरखडे दिवसभर चुरचुरतात. बूट पायात मुरलेले, पण पटकन काढता येणारे. या वाटेवर देवळं पुष्कळ, दर वेळी नाडी सोडत बसलात तर कंटाळून बाहेरूनच हात जोडाल. एक छोटी बॅटरीही ठेवा, ती का ते पुढे सांगतो.

खायला दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गूळ, दोन काकड्या एवढं पुरे. प्लॅस्टिकच्या पुड्या टाळा आणि कचऱ्यासाठी एक रिकामी पिशवी घ्या. घाटावर टाकलेलं वेष्टण वाऱ्यानं थेट कृष्णेत जातं, आणि हीच कृष्णा पुढे कराड, सांगलीला पोचते.

रस्त्यानं चालताना उजव्या कडेनं चाला, म्हणजे समोरून येणारं वाहन दिसतं. साखर कारखान्यांचा हंगाम चालू असेल तर उसानं भरलेल्या ट्रॉल्या येतात. एकामागे दुसरी जोडलेली असते आणि वळणावर मागची ट्रॉली आत ओढली जाते. ट्रॅक्टर गेला म्हणजे रस्ता मोकळा झाला असं धरू नका, मागची ट्रॉली जाईपर्यंत कडेला थांबा. लहान मुलांचा हात सोडू नका. माघ-फाल्गुनात आलात तर कुठे तरी हळद शिजत असेल. वाई ही हळदीची जुनी पेठ. वाफेचा तो उग्र, मातकट वास लांबूनच येतो. जवळ जाऊन बघावंसं वाटलं तर आधी हाक घाला. "मामा, बघू का जरा?" म्हटलं की बहुधा "या की पाव्हणं" असंच उत्तर येतं. रानात मात्र विचारल्याशिवाय पाऊल टाकू नका. वाफ्यात नुकतं पाणी सोडलेलं असतं आणि एका पावलानं बांध फुटतो.

मेणवलीसाठी थोडा अभ्यास करून जा, कारण तिथे उभं राहिल्यावर मोबाइलमध्ये डोकं घालणं जिवावर येतं. नाना फडणवीसांचा जन्म १७४२ चा, साताऱ्याचा. १७६८ मध्ये औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी आणि साताऱ्याचे रघुनाथ घनश्याम मंत्री यांनी मेणवली गाव नानांना दिलं, तेव्हा नाना सव्वीस वर्षांचे होते. पुढे त्यांनी इथे वाडा बांधला, कृष्णेला घाट बांधला, घाटावर विष्णूचं आणि मेणवलेश्वर महादेवाचं देऊळ उभं केलं. वाडा सहा चौकांचा. ज्या माणसानं पुण्यात बसून पेशवाईचा कारभार वाहिला, त्याचे कागदही इथे होते. तेच मेणवली दप्तर म्हणून इतिहासकारांना ठाऊक आहे आणि आज ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आहे.

वाडा खासगी मालकीचा आहे, तेव्हा पाहुण्यासारखं जा. दारात असलेल्या माणसाला विचारा, पैसे द्यायचे ते द्या, जिथे नको म्हणतील तिथे थांबा. इथे सिनेमांची शूटिंगं होत आली आहेत. नेमकी त्याच दिवशी धांदल असेल तर आत जायला मिळेलच असं नाही, हे मुलांना आधीच सांगून ठेवा. आत उजेड कमी असतो. बॅटरी तिथे लागते, जिना चढताना आणि अंधाऱ्या सोप्यातून जाताना. भिंतींवर नैसर्गिक रंगांत काढलेली देवादिकांची चित्रं आहेत, त्यांच्यावर फ्लॅश मारू नका आणि बोट लावून दाखवू नका. अडीचशे वर्षांच्या आसपासचा गिलावा आहे, बोटाचा घाम त्याला सोसत नाही. खांबाखाली थोडा वेळ उभे राहा आणि एका चौकातून दुसऱ्या चौकात जाताना उजेड कसा बदलतो ते बघा.

मग घाटावर उतरा आणि पंचा अंथरून बसा. दशम्यांची शिदोरी इथेच सोडून खा. बायका धुणं धूत असतील तर कॅमेरा खाली ठेवा, ते त्यांचं रोजचं पाणवठ्याचं ठिकाण आहे. धोम धरणातून पाणी सोडलं की नदी बघता बघता वाढते, म्हणून मुलांना खालच्या पायऱ्यांवर एकटं सोडू नका. देवळाशेजारी छोट्या दगडी बांधणीत ती प्रसिद्ध घंटा आहे. चिमाजीअप्पांनी १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून वसई घेतली, त्या विजयातून आलेली. तिच्यावर १७०७ हे साल आहे आणि बाळ येशूला घेतलेल्या मेरीची आकृती आहे. वसईतल्या चर्चची घंटा, कृष्णेकाठी महादेवाच्या शेजारी. मुलांना ही गोष्ट तिथेच, घंटेकडे बघत सांगा. कुठल्याही धड्यापेक्षा ती पक्की बसेल.

भोगावात वामन पंडितांची समाधी आहे. गीतेवर एवढी मोठी टीका लिहिणाऱ्या कवीच्या समाधीकडे लोक क्वचित वळतात, याचं मला फार वाईट वाटतं. पाच मिनिटं तरी थांबा.

धोमला पोचेपर्यंत ऊन चढलेलं असेल. नरसिंहाचं आणि महादेवाचं देऊळ शेजारी शेजारी. महादेवासमोर हौदात दगडी कासव आहे आणि त्याच्या पाठीवर नंदी बसलेला. हौद भरलेला असला की कासव पाण्यावर तरंगतंय असं वाटतं. फरशी तापलेली असते, तिथे पायमोजे घालूनच फिरा. वरच्या अंगाला धरण आहे, पण भिंतीवर परवानगीशिवाय जायचं नाही.

परतीची सोय सकाळीच करून ठेवा. वाई स्टँडवर धोमहून परतणाऱ्या एसटीची वेळ विचारून कागदावर लिहून घ्या. एसटी चुकली तर वडाप, म्हणजे सीटवर चालणारी खासगी जीप, मिळतं, पण ते सीट भरल्याशिवाय हलत नाही आणि दुपारी प्रवासी कमी असतात. बरोबर आजी-आजोबा असतील तर त्यांना मेणवलीपर्यंतच चालवा, पुढे रिक्षा ठरवा आणि रिक्षावाल्या दादांचा नंबर वाईतच घेऊन ठेवा.