वस्तादाविना लाठी फिरवण्याचा सराव कसा करावा

कोल्हापूरच्या मर्दानी खेळात, म्हणजे तिथल्या पारंपरिक युद्धकलेत, लाठी, फरीगदगा (ढाल आणि काठी), विटा (दोरी बांधलेला भाला), दांडपट्टा (लांब पात्याची तलवार) अशी अनेक हत्यारे येतात. परंतु जवळपास तालीम नसलेल्या माणसाने घरच्या घरी सुरुवात करावी असे त्यांपैकी एकच, ते म्हणजे लाठी. एकट्याने ती फिरवायला शिकता येते, लढायला नाही, हे आधीच मान्य करून सरावाला लागावे.

लाठीसाठी मानवेल जातीचा बांबू उत्तम, कारण तो जवळजवळ भरीव असतो आणि सहसा चिरत नाही. उंची साधारण आपल्या कानापर्यंत असावी. पेरांच्या गाठी तासून, पॉलिश पेपरने घासून घ्याव्यात, नाहीतर पहिल्याच दिवशी तळहात सोलवटतात. जागा मोकळी हवी आणि डोक्यावर विजेची तार नको.

प्रथम पवित्रा घ्यावा: डावा पाय पुढे, गुडघे किंचित वाकलेले, भार दोन्ही पायांवर सारखा. आता उजव्या हाताने लाठी मध्यावर धरून तिचे पुढचे टोक उजव्या बाजूने खाली, मागे आणि पुन्हा वर आणावे. ते समोर येताच तळहात वळवून तोच फेरा डाव्या बाजूला काढावा. हवेत आडवा इंग्रजी आठ (∞) उमटला की हात बरोबर चालला असे समजावे. लाठी सतत मांडीला किंवा कोपराला लागत असेल, तर वेग वाढवण्याऐवजी कमी करावा, कारण चूक बहुधा मनगट उशिरा वळण्यात असते आणि वेगात ती दिसत नाही. मोबाइलवर समोरून व बाजूने चित्रण करून मंद गतीने पाहिल्यास ती लगेच सापडते. वस्तादाची नजर काही अंशी अशी भरून काढता येते. मुठीची पकड सैल, खांदे खाली.

डाव्या हातालाही तेवढाच वेळ द्यावा. (हा भाग कंटाळवाणा आहे, म्हणूनच बहुतेक जण तो टाळतात.) दोन्ही हात सारखे चालू लागल्यावर प्रत्येक फेऱ्याला एक पाऊल जोडावे, आणि नंतर चारही दिशांना वळत फिरवावे. मनगट किंवा खांदा दुखू लागला, तर त्या दिवसापुरते थांबावे.

जोडीदाराबरोबर वार आणि अडवणूक करण्याची वेळ आली की मात्र तालीम गाठावी. समोरच्याचे अंतर आणि वाराची वेळ आरशासमोर कळत नाही. दांडपट्ट्याला तर एकट्याने हात लावूच नये: त्याचे पाते लवचीक असते आणि मूठ कोपरापर्यंतच्या खोबळ्यात (हात झाकणाऱ्या धातूच्या आवरणात) अडकलेली असल्यामुळे मनगट वळत नाही, म्हणून लाठीवर कमावलेले मनगट तिथे उपयोगी पडत नाही.