आर्टिचोक: तोडणी संपली की जुने दांडे उभे ठेवू नका

आर्टिचोकची (न उमललेली कळी खातात ती भाजी) तोडणी उरकत आली असेल आणि ऊन वाढायला लागलं असेल तर आधी हे वाचा, खताचं वगैरे नंतर बघू. शेवटच्या कळ्या निघाल्या की बहुतेक जण शेताकडे पाठ फिरवतात, दांडे पिवळे पडत उभे राहतात, बुंध्याशी जुनी पानं कुजत पडतात आणि पुढच्या हंगामात पहिल्याच तोडणीला कळ्या पोखरलेल्या निघाल्या की मग विचारत फिरतात कोणतं औषध मारू. तेव्हा मारण्यासारखं काही राहिलेलंच नसतं. अळी एकदा कळीच्या खवल्यांत शिरली की वरून कितीही महागाचं मारा, तिच्यापर्यंत पोचत नाही. चांगली पोसलेली, खत-पाणी वेळेवर दिलेली शेतं फक्त या एका आळसापायी गेलेली बघितलीत म्हणून इतकं कळवळून सांगतोय.

तुरीवरचा पिसारी पतंग माहिती असेल. त्याच्याच कुळातला आर्टिचोकचा पिसारी पतंग ही कॅलिफोर्नियात या पिकाची एक नंबरची कीड. वर्षाला साधारण तीन पिढ्या होतात पण त्या एकमेकांत मिसळलेल्या, म्हणजे अंडी, अळी, कोष, पतंग सगळं एकाच वेळी शेतात सापडतं. म्हणून एका फवारणीत काम होत नाही, अळ्या मेल्या तरी कोष शिल्लक राहतात आणि ते असतात कुठे तर जुन्या पानांत नि दांड्यांत. दांडे काढले की साखळी तुटते, आणि याला बाटली विकत घ्यावी लागत नाही म्हणून दुकानदार हे कधी सांगणार नाही.

कसं करायचं:
- कापण्याआधी काही दिवस पाणी तोडा
- दांडे जमिनीलगत किंवा मातीच्या थोडं खालून, 5 सेंमीपर्यंत, कापा
- बारीक तुकडे करून निदान 15 सेंमी मातीखाली गाडा
- किडक्या, उमललेल्या, विसरलेल्या कळ्या पण त्यातच
- मग पाणी सुरू करून नवीन फुटवा घ्या

बांधावर ढीग करून ठेवू नका, ढीग म्हणजे तेच शेत दुसऱ्या जागी. आणि बांधावरची उंटकटाऱ्याच्या जातीची काटेरी तणं पण उपटा, आर्टिचोक त्याच कुळातलं आहे, पतंगाला दोन्ही चालतं. माझा अंदाज असा की प्रादुर्भाव काठाच्या ओळींतूनच आत येतो, म्हणून पाहणी करताना मधून नाही, काठावरून सुरू करा. कोवळ्या शेंड्याची पानं उलगडून बघा, बारीक भोकं आणि काळसर विष्ठा दिसली की समजा आलीय.

अळी बारीक असतानाच बीटी (बॅसिलस थुरिंजिएन्सिस, अळी मारणारा जिवाणू) लेबलच्या डोसने संध्याकाळी फवारा, शेंडा नीट भिजला पाहिजे. स्टाइनरनेमा कार्पोकॅप्सी हे अळी मारणारे सूत्रकृमी (डोळ्याला न दिसणारे जंत) कापणीनंतरच्या कोवळ्या फुटव्यावर चांगलं काम करतात, फक्त संध्याकाळी आणि ओल असताना सोडायचे, उन्हात सोडले तर वाया. कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे) लावा पण ते पतंग कधी उडतोय हे कळायला, सापळ्याने कीड संपते असं कोणी सांगत असेल तर ऐकू नका.

माव्याचं थोडक्यात. पानाच्या खालून बघा, मुंग्या चढताना दिसल्या तर बहुधा मावा आहे. पाण्याचा जोरदार फवारा, नाहीतर कीटकनाशक साबण 1 ते 2 टक्के, किंवा 5 टक्के निंबोळी अर्क. लगेच सगळं मारणारं जहाल औषध घेऊ नका, त्याने ढालकिडे आणि बाकीचे मित्रकीटक मरतात आणि मागून लाल कोळी उसळतो, मग कोळ्याचं वेगळं औषध, तो खर्च थांबतच नाही. युरिया भसाभस टाकलेल्या शेतात मावा जास्त येतो हेही लक्षात ठेवा.

गोगलगाय लपते ती पण जुन्या पाल्याखालीच. पाला काढला की अर्धं काम झालं, राहिलेल्यांसाठी आयर्न फॉस्फेटच्या गोळ्या संध्याकाळी टाका.

आता रोगांचं. ढगाळ, दमट हवा दोन-तीन दिवस राहणार असं वाटलं तर बाकी कामं सोडा आणि आधी मेलेली पानं शेताबाहेर काढा. करडी बुरशी (बोट्रायटिस) आधी मेलेल्या नाहीतर जखमी भागावर बसते, दहिवराने (गोठवणाऱ्या थंडीने) भाजलेल्या किंवा अळीने कुरतडलेल्या कळीवर, आणि तिथून चांगल्या कळ्यांवर जाते. म्हणजे परत तेच, जुना पाला ठेवला की बुरशीला घर दिलं. हलक्या दहिवराने कळीची साल पांढुरकी होऊन सुटते, तेवढ्याने कळी फेकू नका, आतून चांगली असते.

भुरी जुन्या पानांवर आधी येते, वरून पिवळे डाग आणि खालून पांढरी बुरशी. सल्फर 80 टक्के, 2 ग्रॅम प्रति लिटर, पण तापमान 32 अंशांच्या वर असेल तर मारू नका आणि तेलाची फवारणी झाली असेल तर दोन आठवडे थांबा, पानं जळतात. सकाळी दव उशिरापर्यंत टिकायला लागलं की माझं लक्ष लगेच खालच्या पानांकडे जातं, हा शेतातला अनुभव, डोसच्या कागदावर नाही.

गाडण्याला एक अपवाद, आणि तो महत्त्वाचा. मर (व्हर्टिसिलियम) लागलेलं झाड कापून गाडायचं नाही, मुळासकट उपटून शेताबाहेर न्यायचं, कारण ही बुरशी मातीत वर्षानुवर्षं टिकते. बटाटा, टोमॅटो, वांगं, स्ट्रॉबेरी घेतलेल्या रानात आर्टिचोक लावायचं टाळा. बुंधा सडून वास येणारं झाड पण तसंच बाहेर काढा, त्याचे फुटवे लावायला घेऊ नका, आणि फुटवे काढताना सुरी प्रत्येक झाडाला ब्लीचच्या पाण्यात (1 भाग ब्लीच, 9 भाग पाणी) बुडवून घ्या. हा सडवणारा जिवाणू एका झाडावरून दुसऱ्यावर त्याच पात्याने जातो.

नेहमीची कामं:
- माती: खोल, भुसभुशीत, निचऱ्याची
- अंतर: ओळीत 90 ते 120 सेंमी
- फुटवे: 20 ते 25 सेंमी झाल्यावर, निरोगी झाडाचे
- खत: शेणखत, नत्र हप्त्यांत
- हवा: दिवसा 24, रात्री 13 अंशांच्या आसपास सगळ्यात मानवते
- कळी: उमलायच्या आधी, घट्ट असताना, थोडा दांडा ठेवून कापा
- साठवण: 0 अंश, 95 टक्क्यांवर आर्द्रता

पाण्याबद्दल एवढंच की वाफसा (मातीतली बेताची ओल) मोडू देऊ नका आणि पाणी साचूही देऊ नका. कळी धरताना ताण बसला तर खवल्यांची टोकं काळी पडतात, आणि लगेच कॅल्शियमची बाटली पुढे केली जाते. कॅल्शियम कमी पडतं हे खरं, पण ते बहुतेक वेळा मातीत असतं, पाण्याअभावी कळीपर्यंत चढत नाही. आधी पाणी सुधारा, आठवडाभर नवीन कळ्या बघा, मग बाटलीचं ठरवा. जिब्रेलिकचंही (वाढीचं संजीवक) तसंच, थंडीचे तास कमी पडतात तिथे 20 पीपीएमची (लिटरला 20 मिलिग्रॅम) फवारणी उपयोगी आहे, चांगली थंडी असलेल्या जागी कशाला.

आणि दांडे कापायचा आठवडा शेजारच्या आर्टिचोकवाल्यांशी बोलून एकच ठरवा. तुम्ही कापून गाडलंत आणि पलीकडचं रान तसंच उभं राहिलं तर पतंग तिकडून उडून तुमच्या कोवळ्या फुटव्यावर येणार. त्यांच्याकडे माणसं कमी असतील तर दोघांनी मिळून उरका, पण दोन्ही रानं एकाच वेळी मोकळी झाली पाहिजेत.