लॅक्रॉस छोट्या मैदानावर खेळवताय? या चुका टाळा

ऑक्टोबर 2023 मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचं अधिवेशन मुंबईत भरलं आणि 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकसाठी पाच खेळांवर शिक्कामोर्तब झालं. आपल्याकडे गाजलं ते एकटं क्रिकेट. त्याच यादीत स्क्वॉश, फ्लॅग फुटबॉल, बेसबॉल-सॉफ्टबॉल आणि लॅक्रॉसही होतं (टोकाला जाळी असलेल्या स्टिकने चेंडू झेलायचा, फेकायचा आणि गोल करायचा, असा हा खेळ), पण तिकडे कोण बघतं! माझ्या आतेभावाने मात्र बघितलं. दादा नाशिक जिल्ह्यातल्या एका शाळेत क्रीडाशिक्षक आहे. त्याने कुठून तरी चौदा प्लास्टिकच्या स्टिक मिळवल्या, मैदानावर फक्की मारली, सातवीची पोरं उतरवली आणि मला व्हिडिओ पाठवला. खाली लिहिलं होतं, "बघ गं, कुठं चुकतंय."

मी अमेरिकेत मेरीलँडमध्ये राहते. लॅक्रॉस हा इथला राज्याचा अधिकृत सांघिक खेळ. शनिवारी सकाळी पोरांना मैदानावर सोडायला गेलेल्या आईबापांच्या हातात कधी शिट्टी येते ते कळतही नाही. माझ्या हातात ती येऊन सहा वर्षं झाली. दादाचा व्हिडिओ बघताना मला हसू येत होतं, कारण त्यात मी पहिल्या वर्षी केलेल्या झाडून सगळ्या चुका होत्या.

आधी ठरवा, कोणता छोटा खेळ

पुरुषांचं मोठं लॅक्रॉस दहा-दहा जणांचं. ऑलिंपिकमध्ये येणार आहे ते 'सिक्सेस': गोलकीपर धरून सहा-सहा खेळाडू, मैदान 70 बाय 36 मीटर, आठ-आठ मिनिटांचे चार डाव आणि चेंडू ताब्यात आला की 30 सेकंदांत गोलवर फटका. संघात एकूण बारा जण असतात. गोलकीपर सोडला तर सगळ्यांच्या हातात आखूड स्टिक. पुरुषांच्या मोठ्या खेळात बचावपटू जवळजवळ माणसाएवढा उंच दांडा घेऊन उभे दिसतात, ते इथे नाही.

घोळ होतो तो इथे की कॅनडातलं 'बॉक्स लॅक्रॉस'सुद्धा सहा-सहा जणांचंच असतं. ते बर्फाच्या हॉकीच्या बंदिस्त रिंकमध्ये, बर्फ काढून, भिंतींच्या आत खेळतात. त्याची गोलची चौकट लहान, गोलकीपर अंगावर गादी बांधल्यासारखा, आणि धक्काबुक्की भरपूर. दादाने यूट्यूबवर दोन व्हिडिओ पाहिले होते, एक बॉक्सचा आणि एक पुरुषांच्या मोठ्या लॅक्रॉसचा, आणि दोन्हींतून हवं ते उचललं होतं. परिणामी त्याच्या मैदानावर दर गोलनंतर मध्यावर फेसऑफ (दोघांनी समोरासमोर वाकून चेंडूसाठी झुंजायचं) होत होता, पोरं एकमेकांच्या हातांवर स्टिक मारत होती, आणि बत्तीस मिनिटांच्या खेळात चेंडू प्रत्यक्ष फिरला असेल जेमतेम दहा मिनिटं.

छोट्या खेळाचे नियम एकाच गोष्टीसाठी केलेले आहेत: चेंडू थांबू नये. कुठलाही नियम ठेवायचा की काढायचा असा प्रश्न पडला तर हे आठवा, बहुतेक वेळा उत्तर आपोआप मिळतं.

गोलची चौकट शेवटच्या रेषेवर रोवू नका

माझ्या मते ही सगळ्यांत महागात पडणारी चूक. आपल्या शाळांच्या मैदानांवर हँडबॉलची चौकट असतेच, आणि ती असते शेवटच्या रेषेवर. दादाने तीच वापरली. पण लॅक्रॉसमध्ये चौकटीच्या मागेही खेळ चालतो. चौकट मैदानाच्या आत ओढलेली असते, हल्ला करणारा चेंडू घेऊन तिच्या मागे जातो, तिथून समोर पास देतो किंवा वळसा घालून फटका मारतो. गोलकीपरला सतत मान वळवावी लागते. मागची जागाच नसली की खेळाचा अर्धा जीव गेला, उरतं ते हातात जाळी घेऊन खेळलेलं हँडबॉल.

तेव्हा चौकट सात-आठ मोठी पावलं आत आणा. हलवता येत नसेल तर शेवटची रेषाच मागे सरकवा. मागे कंपाउंडची भिंत असली तर तेही जमणार नाही. मग दोन बांबू रोवून स्वतंत्र चौकट करा.

दुसरं म्हणजे माप. हँडबॉलची चौकट तीन मीटर रुंद आणि दोन मीटर उंच. लॅक्रॉसची चौरस, 1.83 मीटर बाय 1.83 मीटर. दादाच्या पहिल्या सामन्याचा निकाल 19-17 लागला. पोरं खूश, पण दोन्ही गोलकीपर रडकुंडीला आलेले. चौकटीत उभी दोरी ताणून रुंदी कमी केल्यावर निकाल माणसात आला.

चौकटीभोवती तीन मीटर त्रिज्येचं वर्तुळ आखायचं, ते क्रीज. क्रिकेटमुळे आपल्या डोक्यात क्रीज म्हणजे रेघ. इथे ते गोल अंगण आहे आणि ते गोलकीपरचं आहे. हल्ला करणाऱ्याने त्यात पाय टाकला तर गोल धरत नाहीत. हँडबॉल खेळलेल्या पोरांना उडी मारून आत फेकायची सवय असते. आमच्याकडे मुलांच्या खेळात तीही बंद आहे, कारण उडी संपते ती गोलकीपरच्या अंगावर.

गोल झाला म्हणून खेळ थांबत नाही

मोठ्या लॅक्रॉसमध्ये प्रत्येक गोलनंतर मध्यावर फेसऑफ होतो. सिक्सेसमध्ये फेसऑफ फक्त डावाच्या सुरुवातीला. गोल झाला की गोलकीपर जाळीतून चेंडू काढतो आणि खेळ तिथूनच पुढे सुरू.

कागदावर हे एका ओळीत मावतं, मैदानावर पचायला महिना जातो. माझ्या पहिल्या वर्षीचा एक सामना अजून डोळ्यांसमोर आहे. आमच्या मुलींनी बरोबरी साधली. पाचही जणी एकमेकींच्या गळ्यात पडल्या, एक तर गवतावर लोळली. समोरच्या गोलकीपरने तेवढ्यात चेंडू काढून लांब फेकला, त्यांची एक मुलगी एकटीच पळत गेली आणि आमच्या गोलकीपरने वर बघेपर्यंत चेंडू जाळीत. गोल ते गोल, फार तर सात सेकंद. आमच्या बाजूचे पालक माझ्याकडे बघून ओरडत होते, "हे कसं चालतं?" नियमाने अगदी व्यवस्थित चालतं.

उपाय सोपा आहे, पण सरावातच घोटवावा लागतो. गोल करणारी सोडून बाकीच्यांनी त्याच क्षणी मागे फिरायचं. आम्ही सरावात गोल झाला रे झाला की "घर!" असं ओरडतो. इंग्रजीत ओरडून पाहिलं होतं, पण आमच्या संघात तिघी मराठी आहेत आणि आता बाकीच्याही "घर" म्हणूनच पळतात.

याची उलट चूक गोलकीपर करतो. चेंडू हातात आला की त्याला वाटतं, आता निवांत. तो क्रीजमध्ये उभा राहून कोणाला द्यावा याचा विचार करत बसतो. आम्ही मोठ्याने पाच आकडे मोजतो, तेवढ्यात चेंडू क्रीजबाहेर गेला नाही तर तो समोरच्या संघाचा.

डावाच्या सुरुवातीचा फेसऑफही नवख्यांसाठी मी सरळ काढून टाकते. दोन पोरं जमिनीवर वाकून स्टिक अडकवून बसतात, नियम समजावण्यात पाच मिनिटं जातात. नाणेफेक करा, चेंडू द्या, सुरू करा.

चेंडू जमिनीवर पडला की जत्रा

नवख्यांच्या खेळात चेंडू हवेपेक्षा जमिनीवरच जास्त असतो, आणि तो पडला की दहाही जण त्याच्यावर. गुळाच्या ढेपेला मुंगळे. दादाच्या व्हिडिओत एका क्षणी चेंडू दिसतच नव्हता, नुसत्या पाठी.

आधी नियम लावा: एका चेंडूवर प्रत्येक संघाचा एकच जण. दुसरा जवळ आला तर चेंडू विरुद्ध संघाला. हा पुस्तकातला नियम नाही, आमचा आहे, पण दोन सामन्यांत पोरं आपोआप पसरतात. त्यानंतर स्टिकने चेंडू झाकून ठेवायला बंदी करा. हॉकी खेळलेली मुलं स्टिक उलटी करून चेंडूवर दाबतात आणि बाकीचे दूर होईपर्यंत तशीच उभी राहतात. हाताने चेंडूला शिवणंही नाही. तो हक्क फक्त क्रीजमधल्या गोलकीपरचा. पुरुषांच्या मोठ्या खेळात चेंडू पायाने ढकलता येतो, आम्ही मुलांना तेही करू देत नाही, कारण तिथेच कोणाची तरी बोटं असतात.

उचलायची पद्धत चुकली तर कोणताही नियम कामाचा नाही. मुलं उभ्या उभ्या वरून स्टिक आपटतात. तव्यावरच्या भाकरीखाली उलथनं सरकवतो तशी स्टिक सरकली पाहिजे: गुडघे वाकलेले, मागचा हातही खाली, दांडा जवळजवळ जमिनीला समांतर, आणि पाय न थांबवता पुढे. थांबून वरून दाबलं की भाकरीही मोडते आणि चेंडूही पुढे पळतो.

चेंडू कोणता, स्टिक कशी

लॅक्रॉसचा खरा चेंडू भरीव रबराचा, वजन साधारण 145 ग्रॅम. सीझन बॉलपेक्षा थोडाच हलका. हेल्मेट किंवा डोळ्यांना गॉगल नसताना तो शाळेत काढूच नका. टेनिसचा चेंडू हाताशी असतो म्हणून सगळे तोच घेतात, पण तो साठ ग्रॅमसुद्धा भरत नाही. जाळीत आहे की नाही ते हाताला कळत नाही आणि पळताना उडून पडतो. पोरांना वाटतं आपल्यालाच जमत नाही. मऊ रबरी, जरा वजनदार चेंडू शोधा.

पास सारखे चुकत असतील तर पोराला बोलण्याआधी जाळी बघा. चेंडू हातभर पुढे जमिनीत घुसत असेल तर जाळी फार खोल आहे किंवा वरच्या आडव्या दोऱ्या फार घट्ट आहेत, चेंडू उशिरा सुटतो. वरच्यावर उडत असेल तर जाळी उथळ. मुलग्यांच्या स्टिकमध्ये खोली तपासायची रीत अशी: चेंडू जाळीत ठेवून स्टिक डोळ्यांच्या पातळीवर आडवी धरा. चेंडूचा माथा बाजूच्या प्लास्टिकच्या खालच्या कडेच्याही खाली गेला आणि मधून उजेड दिसला, तर ती स्टिक पुरुषांच्या नियमांत बाद आहे. मुलींच्या स्टिकची जाळी याहून बरीच उथळ लागते. आणि दांड्याच्या टोकाला रबरी टोपी आहे ना ते दर सामन्याआधी बघा. उघडी नळी पोटात बसली तर गोल वळ उठतो.

मुलगे-मुली एकत्र असतील तर

पुरुषांच्या लॅक्रॉसमध्ये हेल्मेट, हातमोजे, खांद्याला पॅड असतात, म्हणून त्यात स्टिकचे फटके आणि अंगाची धडक काही मर्यादेत चालते. स्टिक धरलेला, हातमोजा घातलेला हात स्टिकचाच भाग मानतात. तो नियम उघड्या बोटांच्या मुलांना लावणं म्हणजे दवाखान्याची तयारी. मिश्र संघात संपर्क अजिबात नको. अडवायचं ते पाय हलवून, वाटेत उभं राहून, स्टिक वर धरून.

एक चूक मात्र पंचांच्या नजरेतून हमखास सुटते. चेंडू असलेला खेळाडू मोकळ्या हाताने समोरच्याची स्टिक बाजूला सारतो. शिट्टी बचाव करणाऱ्यावर वाजते, खरा गुन्हेगार तो असतो.

घड्याळ, बदली आणि पन्नास पोरं

30 सेकंदांचं घड्याळ टांगायला पैसे लागत नाहीत. राखीव खेळाडूंपैकी एकाला मोबाइल द्या, त्याने "दहा" आणि "पाच" ओरडायचं. सुरुवातीच्या महिन्यात 45 ठेवा. फटका गोलकीपरला किंवा खांबाला लागून परत आला तर आम्ही मोजणी नव्याने सुरू करतो.

चेंडू बाहेर गेला की फुटबॉलसारखा दोन्ही हातांनी डोक्यावरून फेकायचा नाही. स्टिकमध्ये घ्यायचा आणि पळत सुटायचं किंवा पास द्यायचा. मोठ्या लॅक्रॉसमध्ये फटका बाहेर गेला तर रेषेजवळ ज्याचा खेळाडू त्याचा चेंडू, असा प्रकार असतो. शाळेत त्या वादात पडू नका, ज्याचा शेवटचा स्पर्श त्याने गमावला. दोन्ही चौकटींच्या मागे दोन-दोन जादा चेंडू ठेवा, नाहीतर अर्धा तास बाभळीच्या झुडपात जातो.

बदली खेळ चालू असतानाच होते. बाहेर येणाऱ्याचा पाय रेषेबाहेर पडल्याशिवाय दुसऱ्याने आत जायचं नाही. सातवा खेळाडू मैदानात सापडणं ही आमच्याकडची दर शनिवारची भानगड आहे, आणि तो सातवा बहुतेक वेळा माझा मुलगा असतो.

दादाचा खरा प्रश्न वेगळाच होता: "पस्तीस मिनिटांचा तास, पन्नास पोरं, चौदा स्टिक. तुझे सहा-सहा घेऊन काय करू?" हा प्रश्न मेरीलँडमध्ये कोणी विचारत नाही. आम्ही फोनवर बसून बेत केला तो असा. मैदान आडवं कापून दोन करायची. प्रत्येकात तीन-तीन जण, गोलकीपर नाही, चौकटीच्या जागी उलटी बादली. तिच्याभोवती दोन पावलांचं क्रीज, त्यात बचाव करणाऱ्यानेही जायचं नाही, नाहीतर एक जण बादलीवरच बसतो. दर तीन मिनिटांनी शिट्टी, स्टिक खाली ठेवायच्या, पुढचे बारा आत. बाहेरचे गुण मोजतात, सेकंद मोजतात, चेंडू आणून देतात. चौदातल्या दोन स्टिक राखीव, कारण एक तरी जाळी रोज सुटते.

परवा त्याचा नवा व्हिडिओ आला. चौकट आत सरकलेली होती. एका मुलीने मागून वळसा घालून चेंडू आत टाकला, आणि समोरच्या पोराने श्वासही न घेता तो काढून लांब भिरकावला. सगळी पोरं उलट्या दिशेने पळाली. मैदानाच्या मध्ये एकटा दादा दोन्ही हात वर करून नाचत होता, शिट्टी गळ्यात लटकलेली.