दारातलं स्वस्तिक आणि समोरच्या चौकटीवरची मेझुझा

पिट्सबर्गला शिकायला आलेल्या मुलामुलींनो, बँक खातं, भाड्याचं घर, सोशल सिक्युरिटी नंबर हे सगळं तुमचे सीनियर्स सांगतीलच. मला कुणी न सांगितलेली एक गोष्ट मी सांगते.

तुमच्यापैकी बरेच जण स्क्विरल हिलला राहणार. ही ज्यू लोकांची जुनी वस्ती. इथे विल्किन्स आणि शेडी ॲव्हेन्यूच्या कोपऱ्यावर ट्री ऑफ लाइफ सिनेगॉगची, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळाची, जागा आहे. २७ ऑक्टोबर २०१८, शनिवारची सकाळ, प्रार्थनेची वेळ. एक माणूस बंदूक घेऊन आत शिरला आणि त्याने ११ जणांना ठार केलं. निर्वासितांना मदत करणाऱ्या एका ज्यू संस्थेवर त्याचा राग होता, आणि तसं इंटरनेटवर लिहूनच तो निघाला होता. तुमच्या वर्गातल्या एखाद्या मुलीचे आजोबा आजही त्या रस्त्याने जाताना गप्प होत असतील, हे ध्यानात ठेवून इथे वावरा.

आता माझी चूक सांगते. पहिल्या दिवाळीला मी दाराबाहेर रांगोळी काढली आणि मधोमध कुंकवाने ठसठशीत स्वस्तिक. समोरच्या घरातल्या आजी बाजारातून आल्या आणि किल्ली हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. त्यांच्या वडिलांकडची सगळी माणसं पोलंडमध्ये नाझींनी, म्हणजे हिटलरच्या माणसांनी, मारली होती, आणि नाझींच्या झेंड्यावर असंच चिन्ह होतं. मी घाईघाईने सांगायला लागले, की हे आमचं शुभचिन्ह आहे. त्या म्हणाल्या, "मला माहीत आहे गं." पण किल्ली काही कुलपात जात नव्हती. शेवटी मीच त्यांचं दार उघडून दिलं.

तेव्हापासून माझं स्वस्तिक देव्हाऱ्यात आणि पूजेच्या पाटावर असतं, दाराबाहेर कमळ. यात आपला धर्म लपवला असं मला मुळीच वाटत नाही. डॉर्मच्या सामाईक कॉरिडॉरमध्ये काढायचंच असेल, तर आधी शेजाऱ्यांशी बोला. आणि उलट बाजूही सांगते. लायब्ररीच्या बाथरूममध्ये किंवा ज्यू मुलाच्या दारावर कुणी ते चिन्ह कोरलं असेल, तर "हे आपलंच असेल" म्हणून वाद घालत बसू नका. तिथे ती धमकीच असते.

दुसरं म्हणजे आपली जीभ. "आमचे सर म्हणजे नुसते हिटलर" हे आपण सहज म्हणतो. आपल्याकडे फूटपाथवर त्याचं आत्मचरित्र विकायला असतं, आणि "काही म्हणा, शिस्त होती माणसात" असं म्हणणारे काका प्रत्येक लग्नात भेटतात. साठ लाख ज्यूंचा जीव घेणाऱ्याबद्दल हे बोलणं इथे सोडा. खरं तर तिकडेही सोडायला हवं.

डोळ्यांदेखत काही घडलं तर काय करायचं? समजा, एखाद्या रूमच्या चौकटीवरची मेझुझा, म्हणजे धर्मवचनाची गुंडाळी ठेवलेली ती छोटी डबी, कुणी उपटून टाकली. पुसापुशी करू नका, तुकड्यांना हात लावू नका. फोटो काढा, वेळ, जागा आणि कानावर पडलेले शब्द जसेच्या तसे लिहून ठेवा. ग्रुपवर टाकायची घाई नको. ज्याच्यावर प्रसंग आला त्याच्याजवळ आधी जा आणि "तुला काय हवंय?" असं विचारा. कुणाला सोबत हवी असते, कुणाला नुसता चहा. मग त्याच्याबरोबर कॅम्पस पोलिसांकडे आणि विद्यार्थी कार्यालयात जाऊन लेखी तक्रार द्या. जिवाला धोका दिसला तर थेट ९११ या आपत्कालीन नंबरला फोन. केंद्र सरकारचे पैसे घेणाऱ्या विद्यापीठाला १९६४ च्या नागरी हक्क कायद्याप्रमाणे अशा छळाची दखल घ्यावीच लागते. मात्र सरकारी विद्यापीठात नुसत्या कडवट बोलण्याला घटनेचं संरक्षण असतं. धमकी, पाठलाग, नासधूस यांना नसतं. म्हणून नेमकं काय घडलं ते लिहिणं महत्त्वाचं.

इस्रायल सरकारवर टीका होणारच, विद्यापीठात ती व्हावीही. पण वर्गातल्या ज्यू मुलाला अडवून त्या सरकारचा जाब विचारणं, त्याला अभ्यासगटातून वगळणं, हा द्वेष आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हरमाँटच्या बर्लिंग्टनला तीन पॅलेस्टिनी वंशाच्या विद्यार्थ्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या. त्यांच्यासाठीही असंच उभं राहायचं.

"आपण परदेशी, आपण कशाला मध्ये पडायचं?" असं घरून सांगतील. आईबाबांची काळजी मला कळते. पण २०१७ मध्ये कॅन्ससमधल्या ओलेथच्या बारमध्ये श्रीनिवास कुचिभोतला या आपल्या इंजिनिअरला "माझ्या देशातून चालता हो" म्हणत गोळी घातली गेली, तेव्हा मारेकऱ्याला अडवायला इयन ग्रिलट धावला होता. त्याला आपली भाषाही येत नव्हती. त्यानेही गोळी झेलली. तो वाचला, श्रीनिवास गेला.

आणि ज्यू म्हणजे कुणी परके असं समजू नका. अलिबागजवळच्या नवगावला उतरलेले बेने इस्रायली कोकणात तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून त्यांना शनिवार तेली म्हणत. दिवेकर, पेणकर, किहीमकर ही त्यांची आडनावं, घरातली बोली मराठी. हे मी समोरच्या आजींना सांगितलं, तेव्हा त्यांनी "शनिवार तेली" हे दोन शब्द माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतले.

ऑक्टोबरच्या शेवटी त्या ११ जणांची स्मरणसभा असते. जमलं तर जा. फुलं न्यायलाच हवीत असं नाही. त्यांच्यात कबरीवर किंवा स्मारकावर लहानसा दगड ठेवायची रीत आहे.