फेअरपोर्ट कन्व्हेन्शन ऐकायला सुरुवात कुठून करावी

फेअरपोर्ट कन्व्हेन्शन हा ब्रिटिश फोक-रॉक बँड १९६७ साली उत्तर लंडनमध्ये सुरू झाला आणि त्याचे सदस्य पुढे इतक्या वेळा बदलले की, पहिल्या अल्बमपासून क्रमाने ऐकायला बसलेला नवा श्रोता बहुधा वाटेतच थांबतो. निवडक गाण्यांच्या संकलनानेही काम भागत नाही, कारण त्यात निरनिराळ्या गायकांची आणि काळांची गाणी शेजारी-शेजारी येतात व बँड कसा घडत गेला हे उमगत नाही. माझ्या मते सुरुवात एकाच गाण्यापासून करावी, आणि ते म्हणजे १९६९ च्या ‘अनहाफब्रिकिंग’मधील ‘अ सेलर्स लाइफ’.

अकरा मिनिटांहून मोठे असलेले हे गाणे मूळचे पारंपरिक इंग्रजी लोकगीत आहे. आपल्या खलाशी प्रियकराच्या शोधात समुद्रावर निघालेल्या मुलीला अखेर तो बुडाल्याचे कळते, एवढीच त्याची कथा. सँडी डेनी सुरुवातीला जवळजवळ मुक्त लयीत गाते आणि गिटारी तिच्या आवाजाभोवती हलकेच रेंगाळतात. मग ताल हळूहळू जमू लागतो आणि शब्द संपल्यावर पाहुणा म्हणून आलेल्या डेव्ह स्वॉरब्रिकचे व्हायोलिन व रिचर्ड थॉम्पसनची गिटार यांची जी सवाल-जवाबासारखी देवाणघेवाण सुरू होते, तिच्यात या बँडची पुढची वाट स्पष्ट ऐकू येते. दुसऱ्यांदा ऐकताना मार्टिन लँबलच्या ड्रम्सकडे कान द्यावा. १२ मे १९६९ रोजी एम-वन महामार्गावर बँडच्या गाडीला झालेल्या अपघातात एकोणीस वर्षांचा लँबल मरण पावला. अल्बम त्यानंतर, जुलैमध्ये प्रसिद्ध झाला.

त्यानंतर तो अल्बम सलग ऐकावा. त्यात बॉब डिलनची तीन गाणी आहेत, त्यामुळे अमेरिकन गीतकारांचा प्रभाव आणि इंग्रजी परंपरा या दोन्हींची ओढ एकाच ठिकाणी दिसते. पुढच्या ‘लीज अँड लीफ’ या अल्बममध्ये ही ओढाताण संपते. अपघातानंतर बँड हॅम्पशायरमधील फार्ली चेंबरलेन येथील एका घरात राहून नव्याने उभा राहिला. स्वॉरब्रिक कायमचा सदस्य झाला, ड्रम्सवर डेव्ह मॅटॅक्स आला आणि डिसेंबर १९६९ मध्ये हा अल्बम बाहेर आला. तो ऐकण्याआधी त्यातील पारंपरिक कथागीतांच्या (बॅलड) संहिता वाचाव्यात, असा माझा आग्रह आहे. इंग्रजी व स्कॉटिश कथागीतांचे संकलक फ्रान्सिस जेम्स चाइल्ड यांच्या संग्रहात ‘टॅम लिन’ ३९ व्या आणि ‘मॅटी ग्रोव्ह्ज’ ८१ व्या क्रमांकावर आहे. परीराणीच्या कैदेतील टॅम लिन एकामागून एक भयंकर रूपे घेतो, तरी त्याची प्रेयसी जॅनेट त्याला मिठीतून सोडत नाही. हे ठाऊक असले की त्या गाण्यातील अडखळता, जड ताल नुसता प्रयोग वाटत नाही.

आता मागे वळून जानेवारी १९६९ चा ‘व्हॉट वुई डिड ऑन अवर हॉलिडेज’ ऐकावा. जूडी डाइबलच्या आवाजातील गाणी असलेला १९६८ चा पहिला अल्बम त्यानंतर ऐकला तरी चालेल. पुढे येणाऱ्या ‘फुल हाउस’मध्ये (१९७०) सँडी नाही आणि बेसवादक अॅशली हचिंग्जही नाही, तरीही ‘स्लॉथ’ या दीर्घ गाण्यातील गिटार-व्हायोलिनसाठी तो चुकवू नये. नंतरच्या आवृत्त्यांत जादा गाणी जोडलेली असतात, म्हणून कोणताही अल्बम प्रथम मूळ क्रमानेच ऐकावा.

सत्तरच्या दशकातील बाकीच्या अल्बमांची घाई नको. फाशीचा प्रयत्न तीनदा फसलेल्या जॉन लीची कहाणी सांगणारा ‘बॅबकोम ली’ (१९७१) मात्र एका बैठकीत ऐकावा, आणि सँडीच्या पुनरागमनासाठी ‘रायझिंग फॉर द मून’ (१९७५) ऐकावा. हचिंग्जने स्थापनेत भाग घेतलेला स्टीलाय स्पॅन हा बँड, सँडीचे स्वतंत्र अल्बम आणि रिचर्ड व लिंडा थॉम्पसन यांची गाणी या शाखांकडे इथून सहज जाता येते.

बीबीसीसाठी १९६८-६९ मध्ये केलेल्या ध्वनिमुद्रणांचा ‘हेडे’ हा संग्रह मी शेवटी ठेवतो. लिओनार्ड कोहेनच्या ‘सुझान’सारखी, त्या काळच्या अल्बमांत न आलेली गाणी त्यात आहेत, आणि सँडी व बँडचा सुरुवातीच्या काळातील गायक इयन मॅथ्यूज यांचे आवाज तिथे जितके जवळून ऐकू येतात तितके इतरत्र क्वचितच येतात.