परदेशात व्हॉलंटियरिंग: तिथल्या पोरापोरींसोबत काम कसं करायचं

कॉलेजच्या सुट्टीत परदेशात व्हॉलंटियरिंग करायचं डोक्यात आलं की सगळे आधी देश निवडतात, मग तिकिटं बघतात, मग बॅगेचं बघतात, आणि तिथे आपण नेमकं कोणाच्या हाताखाली काम करणार हा प्रश्न पडतो तो विमानतळावर उतरल्यावर. हे उलटं करा. पहिला प्रश्न हाच विचारा की तिथली आपल्या वयाची पोरं या कामात आहेत का, आणि असतील तर काम ती ठरवतात की नुसती आपल्या दिमतीला असतात, म्हणजे गाडी बोलव, भाषांतर कर, फोटो काढ एवढंच. याचं उत्तर गुळमुळीत आलं तर तो प्रोग्राम सोडा, फोटो कितीही भारी असू देत.

हा प्रकार तसा शंभर वर्षं जुना आहे. पहिलं महायुद्ध संपल्यावर 1920 मध्ये पिएर सेरेसोल नावाच्या स्विस माणसाने फ्रान्समध्ये व्हर्दंजवळच्या एका उद्ध्वस्त गावात वेगवेगळ्या देशांची माणसं नेली, त्यात जर्मनही होते, रस्ते आणि घरं परत उभी करायला. हेतू चांगलाच होता, पण जर्मनांबद्दलचा राग ताजा होता आणि काही महिन्यांतच काम गुंडाळावं लागलं. त्यातूनच पुढे सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल ही व्हॉलंटियरिंगची संस्था उभी राहिली, म्हणजे आजचे वर्ककॅम्प, वेगवेगळ्या देशांच्या लोकांनी एकत्र राहून काम करायची शिबिरं, ज्या परंपरेतले आहेत तिची सुरुवातच मुळी या धड्याने झाली की गावाची तयारी नसेल तर चांगुलपणासुद्धा डोक्यावर थापल्यासारखा वाटतो. आणि 1968 मध्ये मेक्सिकोतल्या कुएर्नावाका शहरात इव्हान इलिच या पाद्र्याने तर सेवेला आलेल्या अमेरिकन विद्यार्थ्यांसमोरच भाषण करून सांगितलं की बघायला या, फिरायला या, शिकायला या, पण मदत करायला येऊ नका. मला ते टोकाचं वाटतं, पण जायच्या आधी एकदा ऐकून घ्यावं असं आहे.

आता प्रोग्राम कुठले. थोड्या दिवसांसाठी वर्ककॅम्प बरे, साधारण दोन-तीन आठवडे, दहा-पंधरा जण, चार-पाच देशांचे आणि काही तिथलेच, दिवसाला पाच-सहा तास काम, राहणं-खाणं कॅम्पवर आणि प्रवासखर्च आपला. जास्त दिवस जायचं असेल तर युरोपियन सॉलिडॅरिटी कोअर हा युरोपियन युनियनचा प्रोग्राम आहे, वय 18 ते 30, बारा महिन्यांपर्यंत, त्यात राहणं-खाणं आणि पॉकेट मनी मिळतो, पण सगळ्याच देशांच्या लोकांना ते खुलं नाही त्यामुळे आधी आपला देश बसतो का बघा. युनायटेड नेशन्स व्हॉलंटियर्स 1970 पासून आहे आणि त्यांच्याकडे घरी बसून करायचं ऑनलाइन कामही असतं, ते लोकांना कमीपणाचं वाटतं पण एखाद्या छोट्या संस्थेला तुमच्या तीन आठवड्यांच्या मुक्कामापेक्षा तीन महिने सांभाळलेली वेबसाइट जास्त उपयोगी पडू शकते.

अनाथाश्रमात जाऊन मुलांशी खेळायचा प्रोग्राम असेल तर नाही म्हणा. तिथल्या बऱ्याच मुलांचे आई किंवा वडील जिवंत असतात, परदेशी पाहुणे आणि त्यांचे पैसे येतात म्हणून मुलं आणून ठेवली जातात असे प्रकार कंबोडिया, नेपाळमध्ये उघड झालेत, आणि डिसेंबर 2019 मध्ये युनायटेड नेशन्सच्या महासभेनेही ठरावात अशा व्हॉलंटियरिंगच्या धोक्याची दखल घेतली. शिवाय दर दोन आठवड्यांनी नवीन ताई-दादा येऊन जीव लावणार आणि निघून जाणार, त्या लेकराचं काय होत असेल. तसंच मेडिकलचं. जे काम आपल्या देशात करायची आपल्याला परवानगी नाही, इंजेक्शन, टाके वगैरे, ते दुसऱ्या देशात कोणी अडवत नाही म्हणून करायचं नाही.

संस्थेला मेल टाकताना सरळ विचारा: लोकल व्हॉलंटियर किती आहेत, कामाचा प्लॅन कोणी केला, आम्ही गेल्यावर हे काम कोण चालवतं, माझ्या फीमधले पैसे कशाकशावर जातात, आणि मागच्या वर्षीच्या एखाद्या लोकल व्हॉलंटियरशी बोलता येईल का. शेवटचा प्रश्न सगळ्यात कामाचा. परदेशी माणसाचा अनुभव कोणीही जोडून देतं, लोकल पोराचा नंबर द्यायला संस्थेला स्वतःवर भरवसा लागतो.

व्हिसाच्या बाबतीत उगाच धाडस नको. टुरिस्ट व्हिसावर ये, कोणी विचारत नाही असं संस्थाच सांगत असेल तर सावध व्हा, कारण पकडले गेलात तर परत तुम्हाला पाठवतील पण चौकशी तिथल्या लोकांच्या मागे लागेल. थायलंडमध्ये बिनपगारी कामसुद्धा कामच धरतात आणि त्याला वर्क परमिट लागतं. ताकाला जाऊन भांडं लपवू नका, वकिलातीला आपण काय काम करणार ते लिहून विचारा आणि उत्तर जपून ठेवा. लसींचं महिना-दीड महिना आधी बघा, काही देशांत मागतात ते यलो फीव्हरच्या लसीचं सर्टिफिकेट लस घेतल्यावर दहा दिवसांनी लागू होतं, म्हणजे आदल्या दिवशी घेऊन चालत नाही. इन्शुरन्स घेताना त्यात व्हॉलंटियरिंगचं काम कव्हर होतंय का ते वाचा, बऱ्याच साध्या ट्रॅव्हल पॉलिसीत अंगमेहनतीचं काम वगळलेलं असतं.

आता पोचल्यावर. माझ्या पहिल्या कॅम्पात आम्हाला एका शाळेची भिंत रंगवायची होती, आम्ही परदेशी सात-आठ जण एका संध्याकाळी बसून मस्त रंग ठरवला, दुसऱ्या दिवशी डबे आले, दोन दिवसांत भिंत झाली, फोटोबिटो झाले, आणि तिसऱ्या दिवशी मुख्याध्यापक आले तर चेहरा पांढराफटक. तो रंग तिथल्या एका पार्टीचा होता आणि निवडणूक तोंडावर. आमच्यात एक लोकल मुलगी होती, तिला हे पहिल्या मिनिटापासून माहीत होतं, मी म्हटलं अगं मग बोलली का नाहीस, तर म्हणाली तुम्ही विचारलंच नाही आणि तुम्ही सगळे इतके खूश होतात. मग परत पांढरा मारला, तो तिनेच आणि तिच्या दोन मित्रांनी, कारण आमचं बसचं रिझर्व्हेशन होतं.

त्यामुळे पहिले तीन-चार दिवस तोंड कमी आणि कान जास्त. मीटिंग कुठल्या भाषेत चाललीय बघा, सगळं फटाफट इंग्लिशमध्ये चाललं असेल तर लोकल पोरं मान डोलावतात आणि आपण ते होकार धरतो. हळू बोला, एखादी चर्चा त्यांना आधी त्यांच्या भाषेत करू द्या आणि आपल्याला नंतर सांगू द्या, आपण दहा मिनिटं काही न कळता बसलो तर काही बिघडत नाही, ती रोजच बसतात. "कळलं का" असं विचारू नका, त्याला सगळीकडे "हो" हेच उत्तर येतं. "हे असं केलं तर काय घोटाळा होईल" असं विचारा, मग खरी माहिती निघते.

काम जोडीने करा, एक बाहेरचा एक तिथला, आणि अवजार आधी त्यांच्या हातात. आपल्याला कधी न केलेलं बांधकाम सांगितलं तर विटा वाहा, रेती चाळा, पाणी आणा, भिंत रचायचा हट्ट नको, वाकडी झाली तर आपल्या मागे कोणीतरी ती पाडून परत रचणार. पण वही घेऊन बाजूला उभं राहून सूचना देणं, उंटावरून शेळ्या हाकणं, हे त्याहून वाईट.

हेही लक्षात असू दे की आपण सुट्टीत आलोय, त्यांना सुट्टी असेलच असं नाही. कोणाची परीक्षा असते, कोणी दिवसाची मजुरी बुडवून आलेला असतो, कोणाला अंधार पडायच्या आत घरी पोचायचं असतं आणि आपण मात्र रात्री नऊला रिव्ह्यू मीटिंग ठेवतो. वेळा त्यांना विचारून ठरवा. परदेशी लोकांना पंख्याची खोली आणि लोकल पोरं हॉलमध्ये सतरंजीवर असं दिसलं तर कॅम्प लीडरशी बोला, पहिल्याच दिवशी, नंतर ते सगळ्यांच्या अंगवळणी पडतं. आणि फक्त परदेशी लोकांचा वेगळा व्हॉट्सॲप ग्रुप, हा तर मला सगळ्या भांडणांचा उगम वाटतो, तो काढूच नका.

पैशाचा विषय निघणार. कोणी उसने मागेल, कोणी फीसाठी मदत मागेल, आणि एकाला दिले की दुसऱ्या दिवशी ग्रुपमध्ये दोन गट पडतात. पहिल्यापासून ठरवून ठेवा की मी एकेकाला देत नाही, द्यायचं ते सगळ्यांसमोर संस्थेच्या पावतीवर. त्यापेक्षा त्यांना खरंच हवं असलेलं एक मिळवून द्या: सर्टिफिकेट. आपल्याला जाडजूड कागदावर मिळतं आणि वर्षभर राबणाऱ्या लोकल पोरांना कित्येकदा काहीच नाही. कॅम्प लीडरला सांगून त्यांच्या नावाने, कामाचे तास लिहून, शिक्का मारून घ्या, नोकरीच्या अर्जाला त्यांना आपल्यापेक्षा जास्त उपयोगी पडतं.

फोटो विचारून काढा, मुलांचे तर आईवडिलांना विचारल्याशिवाय नाहीच, आणि पोस्टमध्ये "मी शाळा बांधली" असलं लिहू नका, ती पोरंही तुम्हाला फॉलो करतात, वाचतात.

शेवटचा आठवडा रडारड आणि पार्टीसाठी नाही, कामं सोपवायला ठेवा. जे काही तुम्ही बनवलंय, एक्सेल शीट, फेसबुक पेज, मुलांच्या हजेरीचा फॉर्म, ते सगळं त्यांच्या ईमेलवर, पासवर्ड त्यांच्याकडे, सूचना त्यांच्या भाषेत लिहिलेल्या, आणि जायच्या दोन दिवस आधी आपण हात न लावता ते चालवून दाखवतात का बघा. "पुढच्या वर्षी नक्की येईन" म्हणू नका, तिकीट काढल्यावर सांगा.

घरी आल्यावर एक: मलेरियाच्या भागातून आला असाल आणि पुढच्या काही महिन्यांत कधीही ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा आणि कुठे जाऊन आलात ते स्वतःहून सांगा, त्यांनी विचारायची वाट बघू नका.