मालिशला जाताय? या चुका टाळा

नेरुळच्या माझ्या फिजिओथेरपीच्या खोलीत सोमवारी सकाळी एक तरी पेशंट असा येतो, ज्याची मान शुक्रवारी नुसती अवघडलेली होती आणि रविवारच्या मालिशनंतर वळेनाशी झाली. मालिशवर माझा पूर्ण विश्वास आहे, म्हणूनच हे पाहून जीव तुटतो. दुखणं एक आणि मालिश भलतीच, असं बहुतेक वेळा झालेलं असतं.

ऑफर बघून प्रकार ठरवणं

स्पाच्या कार्डावरची नावं वेगळी, तसं त्यांचं कामही वेगळं. स्वीडिशमध्ये लांब हात फिरवणं, मळणं, थोपटणं असतं. नाव स्वीडनचं असलं तरी हे हात 19व्या शतकात योहान मेझगर या डच डॉक्टरांनी नीट बसवले. ऐरोली-महापेला दिवसभर लॅपटॉपपुढे बसून खांदे आखडले असतील, झोप उडाली असेल, तर सुरुवात इथूनच करा. डीप टिश्यूमध्ये आखडलेल्या स्नायूवर सावकाश, खोल दाब देतात. पळणाऱ्यांना तो मानवतो, पण शर्यतीच्या आदल्या दिवशी घेऊ नका. पाय जड होतात. थाई मालिश गादीवर, कपड्यांसकट, बहुधा तेलाशिवाय होते आणि त्यात अंग चांगलंच ताणतात. 2019 साली युनेस्कोने तिला सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. हाडं ठिसूळ झालेल्यांनी किंवा मणक्याची गादी सरकलेल्यांनी मात्र तिच्या वाटेला जाऊ नये. आपल्या अभ्यंगात कोमट तेल डोकं, कान आणि तळपायांना विशेष करून लावतात. अजीर्ण झालेलं असताना अभ्यंग नको, हे आयुर्वेदानेच सांगून ठेवलं आहे. अंगात ताप असेल तर कुठलीच मालिश नको.

मान ‘मोडून’ घेणं

ही चूक मला सगळ्यात जास्त छळते. केस कापून झाले, चंपी झाली, की दादा हनुवटी धरून मानेला हिसका देतात. कड्कन आवाज येतो आणि मोकळं वाटतं. तो आवाज सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी तयार होण्याचा असतो. त्याने काही ‘जागेवर बसत’ नाही. मानेच्या मणक्यांमधून दोन रक्तवाहिन्या मेंदूकडे जातात. अचानक पीळ बसला तर त्यांचं आतलं अस्तर फाटू शकतं, तिथे गुठळी धरते आणि पक्षाघाताचा झटका येऊ शकतो. असं क्वचितच घडतं, पण तरण्याताठ्या माणसांनाही घडतं. म्हणून खुर्चीत बसतानाच सांगा, ‘दादा, मान मोडू नका.’ हिसक्यानंतर मान किंवा डोकं कधी नव्हे इतकं दुखू लागलं, चक्कर आली, एकाचे दोन दिसू लागले, बोलताना जीभ अडखळली, तर तेल-बाम लावत न बसता थेट हॉस्पिटल गाठा.

सुजलेल्या पोटरीला तेल चोळणं

कोपरखैरण्याच्या एका काकूंचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. एकाच पायाची पोटरी सुजली, गरम लागायची, दुखायची. लेक बिचारी मायेने रोज रात्री तेल लावून रगडत होती. मी हात न लावता त्यांना तडक डॉपलर सोनोग्राफीला पाठवलं. शिरेत गुठळी निघाली. अशी गुठळी चोळल्याने सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतू शकतं. ऑपरेशन, प्लास्टर किंवा लांबच्या प्रवासानंतर एकच पाय सुजला, तर आधी डॉक्टर.

जोर जितका, गुण तितका?

तुर्भ्याच्या मार्केटमध्ये पोती वाहणारे आमचे माथाडी दादा म्हणतात, ‘मॅडम, दाबा हो, काही होत नाही.’ होतं. श्वास रोखला जात असेल, मुठी आवळल्या जात असतील, तर स्नायू सैल पडण्याऐवजी उलट आखडतो. तिथेच ‘जरा हळू’ म्हणा. नंतर एक-दोन दिवस अंग ठणकलं तर चालतं. कोमट पाण्याने आंघोळ आणि थोडं चालणं पुरतं. काळे-निळे डाग किंवा मुंग्या आल्या तर दाब नक्कीच जास्त झाला. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधीच सांगा. आणि ‘विषारी द्रव्यं बाहेर पडतात’ म्हणून जादा पैसे मागितले तर देऊ नका. ते काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात.

पाय मुरगळला तर पहिले दोन-तीन दिवस चोळायचं नाही, बर्फ फडक्यात गुंडाळून शेकायचं. डायबेटिसमुळे तळपाय बधिर असतील तर गरम दगड आणि कढत तेल टाळा, भाजलेलंही कळत नाही. कंबरेची चमक पायात उतरत असेल तर मालिशआधी तपासणी करून घ्या. त्याबरोबर पायातली ताकद गेली किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर ती तातडीची वेळ आहे.

शेवटी बाळाला न्हाऊ घालणाऱ्या मावशींबद्दल. त्यांच्या हातातली ऊब बाळाला आणि बाळंतिणीला दोघांनाही हवी असते, त्यांना जरूर बोलवा. फक्त बाळाच्या नाकात आणि कानात तेल घालू देऊ नका. नाकातलं तेल फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होऊ शकतो. मावशींना वाईट वाटेल म्हणून आई गप्प राहते. अशा वेळी आजीने सांगावं, तिचं त्या ऐकतात.